रिपोर्टमधला ‘गॅस’

मराठी घरात पोटाच्या कुठल्याही तक्रारीला पहिले नाव मिळते ते ‘गॅस’. छातीत जळजळले तर गॅस, पाठ भरून आली तर गॅस. ढेकर येत नाही म्हणून गॅस आणि ढेकर थांबत नाही म्हणूनही गॅसच. मग ओवा चावायचा, बेंबीभोवती हिंग लावायचा, लिंबू-सोडा घ्यायचा आणि तेवढ्याने भागले नाही तर कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून ‘गॅसची गोळी’ आणायची. बहुतेक वेळा यात काही बिघडत नाही, दुखणे आपोआप जाते आणि श्रेय ओव्याला मिळते.

याच सवयीमुळे सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘पोर्टल व्हेनमध्ये गॅस’ असे शब्द दिसले की नातेवाइकांना ते ओळखीचे वाटतात. ‘म्हणजे गॅसच निघाला ना, डॉक्टर?’ या प्रश्नात सुटकेचा सूर असतो. त्याच वेळी पलीकडे उभ्या असलेल्या तरुण निवासी डॉक्टरचा चेहरा पडलेला असतो, कारण त्याने पुस्तकात वाचलेले असते की यकृताच्या शिरेत हवा दिसली म्हणजे आतडे सडले आणि रुग्ण हातचा गेला. या प्रसंगात नातेवाईक चुकतात हे उघड आहे. पण डॉक्टरही चुकत असू शकतो, आणि त्याच्या चुकीची किंमत कधी विनाकारण फाडलेल्या पोटात, तर कधी ‘आता काही उरले नाही’ म्हणून सोडून दिलेल्या रुग्णात मोजावी लागते.

पोर्टल व्हेन ही शरीरातली जरा वेगळ्या धाटणीची शिरा. बाकीच्या शिरा अशुद्ध रक्त हृदयाकडे नेतात. ही मात्र जठर, लहान-मोठे आतडे, प्लीहा आणि स्वादुपिंड यांचे रक्त गोळा करून आधी यकृतात आणते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त याच वाटेने येते. जेवणातून शोषलेले सारे काही, चांगले-वाईट, पहिल्यांदा यकृताच्या तपासणी नाक्यावर थांबते ते त्यामुळेच. आतड्याच्या पोकळीत वायू असणे नैसर्गिक आहे. तो पोकळीत राहतो, कारण आतड्याचे आतले अस्तर शाबूत असते. हे अस्तर कुठे फाटले, झिजले, रक्ताअभावी मेले, किंवा आतला दाब फार वाढला, तर वायूचे बुडबुडे भिंतीत शिरतात आणि तिथून बारीक शिरांत. कधी वायू निर्माण करणारे जंतूच भिंतीत किंवा एखाद्या गळूत ठाण मांडून बसलेले असतात. वाट कोणतीही असो, शिरेत पोहोचलेला बुडबुडा रक्ताबरोबर यकृतात येतो.

म्हणजे यकृतातली हवा हा स्वतः आजार नव्हे. दूर कुठेतरी काहीतरी झाल्याची ती वर्दी आहे. उपचार हवेवर करायचा नसतो, वर्दी कुठून आली ते शोधायचे असते. एवढी साधी गोष्ट, पण ती न पाळल्यामुळे होणारे घोटाळे मोठे आहेत.

पहिला घोटाळा पाहण्यातच होतो. यकृतात हवा दिसण्याच्या दोन जागा आहेत, पोर्टल शिरा आणि पित्तनलिका, आणि दोहोंचे अर्थ अगदी वेगळे. पित्तनलिकेत हवा असणे पुष्कळदा निरुपद्रवी असते. ईआरसीपी करून खडा काढला असेल, नळीत स्टेंट बसवला असेल किंवा नलिका आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर आतड्यातली हवा उलट वर चढते आणि तिथे राहते. फरक ओळखायचा तो प्रवाहाच्या दिशेवरून. पोर्टल शिरेतले रक्त यकृताच्या मध्यातून कडेकडे वाहते, त्यामुळे बुडबुडे रेटले जाऊन पार काठापर्यंत, यकृताच्या आवरणापासून दोन सेंटिमीटरच्या आत जाऊन बसतात. झाडाच्या शेंड्याच्या काटक्या काळ्या दिसाव्यात तसे. पित्त मात्र कडेकडून मध्याकडे वाहते, म्हणून त्यातली हवा मध्यभागी, यकृताच्या दाराशी जमते. रुग्ण पाठीवर झोपलेला असल्याने शिरेतली हवा बहुधा डाव्या, म्हणजे पुढच्या आणि वरच्या भागात आधी दिसते. बुडबुडे थोडेच असतील तर नेहमीच्या प्रतिमेत ते सुटून जातात. तीच प्रतिमा फुप्फुसे पाहण्यासाठी वापरतात त्या सेटिंगवर टाकली की ते उठून दिसतात. यासाठी जादा खर्च नाही, जादा क्ष-किरणही नाहीत, रेडिऑलॉजिस्टचा अर्धा मिनिट फक्त जातो. सोनोग्राफीत हेच बुडबुडे शिरेतून वाहत जाताना सोडावॉटरसारखे चमकतात आणि डॉप्लर लावला तर तडतड ऐकू येते. अनुभवी हाताला सोनोग्राफीवर हे निदान सीटीच्या आधीही जमते.

या खुणेला वाईट नाव पडले त्यालाही इतिहास आहे. 1955 मध्ये वुल्फ आणि इव्हान्स या दोघांनी तान्ह्या बाळांच्या साध्या एक्स-रेमध्ये यकृतात हवेच्या रेषा दिसल्याचे प्रथम नोंदवले आणि शवविच्छेदनाशी ते ताडून पाहिले. शवविच्छेदन या शब्दातच त्या बाळांचे काय झाले ते आले. पाच वर्षांनी प्रौढांमध्येही अशी नोंद झाली. 1978 मध्ये लिबमन आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या 64 रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा त्यातले 75 टक्के दगावले होते. हा आकडा पुढची अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत आणि परीक्षांत घोकला गेला. पण तो काळ साध्या एक्स-रेचा होता. एक्स-रेवर दिसावी एवढी हवा यकृतात जमायची तर आतड्याचे बहुधा पुरते वाटोळे झालेले असे. सीटी स्कॅन आणि सोनोग्राफी आल्यावर थोडीशी हवाही दिसू लागली आणि सौम्य कारणेही सापडू लागली. 2001 मध्ये जपानच्या किनोशिता आणि सहकाऱ्यांनी 182 रुग्णांचा आढावा मांडला, त्यात मृत्यूचे प्रमाण 39 टक्के होते आणि आतडे सडल्याचे कारण 43 टक्क्यांत सापडले. इतरांमध्ये फुगलेली आतडी, पोटातले गळू, अल्सर, आतड्याचे दाहजन्य विकार, दुर्बीण-तपासणीनंतरची गुंतागुंत अशी लांबलचक यादी होती. रोग तेवढाच भयंकर राहिला होता. आपण पाहू लागलो होतो ते रुग्ण बदलले होते. हे दोन्ही आकडे छापील नोंदी गोळा करून काढलेले आहेत, म्हणून ते समोरच्या एका रुग्णाच्या माथी मारण्यात अर्थ नाही. त्याचे भवितव्य त्याच्या आतड्यात काय चालले आहे त्यावर ठरते. हवा किती दिसते यावरूनही ते खात्रीने सांगता येत नाही.

तरीही 43 टक्के हा आकडा झोप उडवणारा आहे, आणि उडवायलाच हवी. असा रुग्ण डोळ्यांसमोर आणा. सत्तरीच्या आजी, हृदयाचे ठोके जन्माचे अनियमित, रक्त पातळ होण्याची गोळी चालू. पण दात काढायचा म्हणून ती बंद केली आणि पुन्हा सुरू करायची राहून गेली. पहाटे अचानक बेंबीभोवती असह्य कळ, एक-दोन उलट्या, एकदा पातळ शौच. डॉक्टर पोट दाबून पाहतात तर पोट मऊ. आजी कळवळताहेत आणि हाताला तर काही लागत नाही. ‘गॅस असेल’ म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवले जाते. हृदयात तयार झालेली गुठळी आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य रोहिणीत जाऊन अडकली, तर चित्र नेमके असेच असते. तपासणीत सापडणाऱ्या खुणांच्या मानाने दुखणे फार जास्त, हेच या आजाराचे लक्षण. तातडीच्या शस्त्रक्रियांच्या जागतिक संघटनेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना तर सांगतात की असे दुखणे म्हणजे आतड्याचा रक्तपुरवठा तुटला आहे असेच धरून चाला, तसे नाही हे सिद्ध होईपर्यंत. हृदयविकाराच्या झटक्याबद्दल आपल्याकडे आता बरीच जाग आली आहे. आतड्यालाही झटका येतो, हे मात्र अजून डॉक्टरांच्याही लवकर मनात येत नाही.

पुढच्या काही तासांत एक फसवी पायरी येते. आतडे मरू लागले की दुखणे कमी झाल्यासारखे वाटते. घरचे म्हणतात, ‘इंजेक्शनने आराम पडला.’ मग पोट फुगते, कडक होते, रक्तदाब उतरतो, लघवी कमी होते. यकृतातली हवा बहुधा या टप्प्यावर दिसते, म्हणजे उशिराच. शस्त्रक्रिया झाली तरी तीव्र आतडे-रक्ताल्पतेचे निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात असे अनेक आढावे सांगतात, आणि त्यामागे निदानाला लागलेला उशीर हे ठळक कारण आहे. हा धोका फक्त वृद्धांना नाही. रक्त गोठण्याचा दोष असलेल्या तरुणांच्या आतड्याच्या शिरेत गुठळी होऊन हेच घडते, जरा संथ गतीने. डायलिसिसवरच्या रुग्णांत तर गुठळीही लागत नाही; रक्तदाब फार खाली गेला की आतडे उपाशी राहते.

मग रिपोर्टात हवा दिसल्यावर करायचे काय? खाटेजवळ जायचे. पडद्यावरच्या चित्रापेक्षा पोटावर ठेवलेला हात इथे जास्त सांगतो. पोट लाकडासारखे कडक आहे, दाबून सोडताच रुग्ण ओरडतो, नाडी वेगाने चालली आहे, रक्तदाब टिकत नाही, रक्तातले लॅक्टेट चढते आहे, तर चर्चेला वेळ नाही; सलाइन आणि अँटिबायोटिक सुरू करत रुग्णाला शस्त्रक्रियागृहाकडे न्यायचे. गुठळी लवकर सापडली आणि आतडे अजून जिवंत असेल, तर ती काढून रक्तप्रवाह पुन्हा चालू करता येतो. मेलेला भाग मात्र कापावाच लागतो. याउलट पोट मऊ, ताप नाही, नाडी-रक्तदाब ठीक, लॅक्टेट वाढलेले नाही आणि हवेचे पटण्याजोगे सौम्य कारण समोर आहे, तर थांबायचे. नाकातून नळी घालून जठर रिकामे करायचे, तोंडाने काही द्यायचे नाही, गरजेनुसार अँटिबायोटिक द्यायचे आणि दर काही तासांनी त्याच डॉक्टरने तेच पोट पुन्हा तपासायचे. ‘त्याच’ या शब्दावर जोर आहे. पाळी बदलली, डॉक्टर बदलला, की पोट थोडे कडक झाले हे कोणाच्याच लक्षात येत नाही.

दोन सापळे इथे सांगायला हवेत. लॅक्टेट सुरुवातीला नॉर्मल असू शकते, त्यावर विसंबून दुखणाऱ्या रुग्णाला घरी धाडू नये. दुसरा असा की हवा एक-दोन दिवसांत विरघळून दिसेनाशी होऊ शकते. परत केलेल्या स्कॅनमध्ये ती नाही म्हणजे आतडे सुधारले, असे नव्हे.

हवेबरोबर स्कॅनमध्ये आणखी काय दिसते, हा प्रश्न निम्मे उत्तर देऊन टाकतो. रोहिणीत गुठळी आहे का, आतड्याच्या भिंतीत बुडबुडे आहेत का, आतड्याचा कुठला भाग रंगद्रव्य घेत नाही का? यासाठी शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन काढलेला सीटी अँजिओग्राम लागतो. आपल्याकडे मात्र क्रिएटिनिन थोडे वाढले आहे, किंवा पैसे कमी आहेत, म्हणून साधा स्कॅन काढला जातो. साध्या स्कॅनमध्ये हवा दिसते, पण बंद रोहिणी हमखास दिसेल असे नाही. मूत्रपिंडाची काळजी रास्तच आहे, पण आतडे गेले तर मूत्रपिंड वाचवून काय साधणार? आतड्याच्या रक्तपुरवठ्याचा संशय असेल तर क्रिएटिनिनच्या रिपोर्टची वाट पाहत बसू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सौम्य कारणांकडेही तितक्याच गांभीर्याने पाहायला हवे, कारण उगाच पोट उघडणे ही लहान गोष्ट नव्हे. कोलोनोस्कोपीत आतडे हवेने फुगवतात. त्यातली थोडी हवा शिरेत शिरून यकृतात दिसू शकते आणि मुकाट्याने निघून जाते. ज्यांचे जठर खूप फुगले आहे, ज्यांना क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, ज्यांची केमोथेरपी चालू आहे, त्यांच्यातही ती आढळते. हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली हे एक वेगळेच कारण. औषधाच्या दुकानात मिळणारे 3 टक्क्यांचे द्रावण पोटात गेले तर आपल्या आकारमानाच्या सुमारे दहापट प्राणवायू सोडते; कारखान्यांत वापरले जाणारे 35 टक्क्यांचे द्रावण शंभर पटींहून अधिक. हे पाण्याच्या बाटलीत भरून ठेवण्याची आपली सवय जीवघेणी आहे. बुडबुडे मेंदूपर्यंत पोहोचले तर उच्च दाबाच्या प्राणवायूची खोली गाठावी लागते.

मधुमेहींसाठी एक मुद्दा जरा थांबून. जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवण्यासाठी अकार्बोज आणि व्होग्लिबोज ही औषधे आपल्याकडे बरीच दिली जातात. ती पिष्टमय पदार्थांचे लहान आतड्यातले पचन रोखतात. न पचलेला भात-भाकरीचा अंश मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जंतू तो आंबवतात. पोट गुबारते ते त्यामुळे. क्वचित हाच वायू आतड्याच्या भिंतीत आणि तिथून शिरेत शिरल्याचे, विशेषतः जपानमधून, नोंदवले गेले आहे. अशा रुग्णाला पुष्कळदा औषध थांबवून आणि आतड्याला विश्रांती देऊन बरे करता येते. यावरून कोणी आपली गोळी मनानेच बंद करू नये. पण पोटदुखीसाठी इस्पितळात जाताना गोळ्यांची पाकिटे पिशवीत टाकून न्यावीत. ‘शुगरची पांढरी गोळी’ या वर्णनावरून रात्री दोन वाजता कोणालाही काही कळत नाही.

आता 1955 च्या त्या बाळांकडे परत. अवघड जन्माची, दीड किलोपेक्षा कमी वजनाची बाळे आज आपल्या नवजात अतिदक्षता विभागांत वाचतात, ही मोठीच कमाई. पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, सारे सुरळीत वाटत असताना, त्यांच्या कोवळ्या आतड्यावर एक घाला येतो. त्याला नेक्रोटायझिंग एन्टरोकोलायटिस म्हणतात. बाळाचे पोट फुगते, नळीतून हिरवट द्रव येतो, शौचात रक्त दिसते. एक्स-रेत यकृतातल्या हवेच्या फांद्या दिसल्या की आजार पुढच्या टप्प्यावर गेला असे समजतात. पण इथेही हवा म्हणजे मृत्युपत्र नव्हे. दूध थांबवून, अँटिबायोटिक देऊन आणि काही तासांनी पुन्हा पुन्हा एक्स-रे काढून अनेक बाळे शस्त्रक्रियेविना सुधारतात. आतडे फुटले किंवा बाळ ढासळू लागले तर मात्र शल्यविशारद लागतोच.

या आजाराचा धोका ठळकपणे कमी करणारी गोष्ट महाग नाही. ती आहे आईचे दूध, आणि ते मिळत नसेल तर दुसऱ्या आईचे तपासून, पाश्चराइज केलेले दूध. आशियातली पहिली मानवी दूधपेढी 1989 मध्ये मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. त्याला आता साडेतीन दशके उलटली. तरीही जिथे कमी वजनाची बाळे ठेवली जातात अशा प्रत्येक विभागाला जवळच्या दूधपेढीचा आधार आहे, असे म्हणता येत नाही. वरचे दूध ‘थोडेसे’ पाजण्याचा आग्रह धरणारी आजी आणि पावडरचा डबा लिहून देणारा डॉक्टर, दोघांनाही त्या एक्स-रेतल्या फांद्या एकदा दाखवायला हव्यात.

शेवटी व्यवस्थेचा प्रश्न उरतो, आणि आमच्या मते खरी मेख तिथेच आहे. सीटी स्कॅनची यंत्रे आता जिल्ह्याच्या आणि काही तालुक्यांच्या गावीही पोहोचली. रात्री स्कॅन निघतो, प्रतिमा दुसऱ्या शहरातल्या रेडिऑलॉजिस्टकडे जाते, त्याला एकामागून एक शेकडो प्रतिमा पाहायच्या असतात. तो रिपोर्टात ‘पोर्टल व्हेनमध्ये गॅस, क्लिनिकल कोरिलेशन करावे’ असे लिहून मोकळा होतो. ही पीडीएफ फाइल व्हॉट्सअॅपवर येते, मुलाच्या फोनवर, आणि मुलगा झोपलेल्या डॉक्टरला उठवायचे की नाही या विचारात सकाळ होते. ‘कोरिलेशन’ करायचे कोणी? ज्याला चित्र दिसते त्याला रुग्ण दिसत नाही, ज्याला रुग्ण दिसतो त्याला चित्राचा अर्थ उमगत नाही. शिरेतली हवा, फुटलेले आतडे, मेंदूतला रक्तस्राव अशी गोष्ट दिसल्यास रेडिऑलॉजिस्टने थेट उपचार करणाऱ्या डॉक्टरला फोन करायचा आणि किती वाजता, कोणाशी बोललो हे रिपोर्टातच नोंदवायचे, असा शिरस्ता परदेशांत आणि आपल्या काही चांगल्या इस्पितळांत आहे. तो प्रत्येक स्कॅन केंद्राच्या परवान्याची अट व्हायला काय हरकत आहे? यंत्रावर कोट्यवधी रुपये खर्च करणाऱ्याला एका फोनचा खर्च जड जाऊ नये.

आणि नातेवाइकांनी? रिपोर्टात हा शब्द दिसला तर तो गुगलवर टाकण्याआधी समोरच्या डॉक्टरला तीन गोष्टी विचाराव्यात. हवा शिरेत आहे की पित्तनलिकेत? आतड्याच्या रोहिणीत रक्त जाते आहे का, आणि ते पाहण्यासाठी कॉन्ट्रास्ट दिले होते का? आता पोट पुन्हा कधी आणि कोण तपासणार? तिसऱ्याचे उत्तर ‘उद्या राउंडला बघू’ असे आले, तर त्याच रात्री रुग्णाला पोटाची शस्त्रक्रिया चोवीस तास होते अशा ठिकाणी हलवण्याची गाडी मागवावी.